पाचोडच्या बद्रीनाथ सरांचा फ्रेंच पाहुणा

बद्रीनाथ थोटे सर आळशी होते, असं आमच्या शहरात अजूनही बोललं जातं. बोलणारे कोण, तर ज्यांनी आयुष्यात लग्नपत्रिकेपलीकडे काही लिहिलं नाही ते. एका माणसाने एकच पुस्तक चार वेळा चार भाषांत लिहून काढलं, पाचव्यांदा लिहायला बसला, आणि त्याला आळशी म्हणायचं म्हणजे कमाल झाली. मी कॉलेजात सरांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. पुस्तक का निघालं नाही ते मला ठाऊक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझा राग जायचा नाही.

पुस्तक म्हणजे एतिएन वोक्लेर नावाच्या एका फ्रेंच इतिहासकाराचं चरित्र, 'जीवन आणि कार्य'. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. खुद्द फ्रान्समध्ये तरी कितीजणांनी ऐकलं असेल कोण जाणे. एकोणिसाव्या शतकातला हा गृहस्थ, पाववाल्याचा मुलगा. त्याने आपल्या लहानशा गावाचा इतिहास लिहिला, तोही अकरा खंडांत. राजे आणि सेनापती त्याने इतरांसाठी सोडून दिले आणि स्वतः धोबिणी, गवंडी, खानावळवाले यांना विचारत हिंडला. पुढे नवा सम्राट गादीवर बसला आणि सगळ्या प्राध्यापकांनी निष्ठेची शपथ लिहून द्यावी असं फर्मान निघालं. वोक्लेरने दिली नाही. नोकरी गेली. उरलेलं आयुष्य त्याने मेहुण्याच्या घरी माळ्यावर काढलं आणि उरलेले खंड तिथेच बसून लिहिले.

आता हा माणूस पाचोडला कसा पोचला? सरांचे वडील कडूबा थोटे तिथले शेतकरी. निजामाच्या राज्यात जमिनीचे कागद उर्दूत यायचे आणि ते वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जाऊन बसावं लागायचं. घरातल्या एकाला तरी वाचता यावं म्हणून कडूबांनी मुलाला उर्दू शाळेत घातलं. मुलाने कागद बाजूला ठेवले आणि पुस्तकांच्या नादी लागला. औरंगाबादेत शिकायला आल्यावर त्याला वोक्लेर भेटला. हैदराबादच्या कुणा मौलवीसाहेबांनी केलेला उर्दू तर्जुमा होता तो, आणि तोही फक्त दुसऱ्या खंडाचा. पहिला खंड आमच्याकडे कधी आलाच नाही, तिसऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पण सुरुवातीला मौलवीसाहेबांनी वोक्लेरचं सगळं आयुष्य सांगितलं होतं. ते वाचून पोरगा येडा झाला. या माणसाचं चरित्र आपणच लिहायचं असं त्याने ठरवून टाकलं.

लग्नानंतर हे मनकर्णाबाईंच्या वाट्याला आलं. त्या वोक्लेरला 'पाव्हणा' म्हणायच्या. "सासूबाईंनी सांगितलं, घरात चार माणसं हायेत," त्या मला एकदा चहा देता देता म्हणाल्या, "ह्यो पाचवा कुणीच सांगितला नाय. जेवत नाय, झोपत नाय, अन् जातबी नाय."

पहिलं पुस्तक उर्दूत. सरांचा कॉलेजातला दोस्त हबीब शहागंजच्या मुसलमान मोहल्ल्यात राहायचा. अक्षर असं सुरेख की नुसतं बघत बसावं. त्याने सगळी प्रत स्वच्छ उतरवून दिली. अर्पणपत्रिका अर्थातच निजामसरकारला, नाहीतर छापणार कोण? अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात पुस्तक पूर्ण झालं आणि भाद्रपदात भारताचं लष्कर आलं. चार-पाच दिवसांत निजामी संपली. सरांची अर्पणपत्रिका स्वीकारणारं कुणी उरलं नाही.

त्या दिवसांत आमच्या शहरात ज्याला त्याला आपापला भूतकाळ नव्याने शिवून घ्यावा लागला. ज्या पेट्यांत रुमी टोप्या गेल्या त्याच पेट्यांतून पांढऱ्या टोप्या बाहेर आल्या. ज्यांनी निजामाविरुद्धच्या लढ्यात खरोखर हाल सोसले होते ते बहुतेक गप्प राहिले. ज्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या ते भाषणं करू लागले, आणि लढ्यातली माणसं दर वर्षी वाढतच गेली. शहागंजातल्या खिडक्या मात्र बरेच दिवस उघडल्या नाहीत. हबीबच्या घरी तेव्हा सर स्वतः पीठमीठ नेऊन देत. हे ते कधी बोलले नाहीत, हबीबच सांगायचा.

सर भित्रे होते का? होते. शाळेत नोकरी धरताना त्यांनी निजामाशी इमान राखण्याच्या कागदावर सही केली होती. नंतर भारत सरकारशी इमान राखण्याच्या कागदावरही केली, त्याच पेनाने. कुणी कागद पुढे केला की सर आधी खिशातलं पेन काढत आणि मग कागद वाचत. शपथ नाकारणाऱ्या माणसाचं चरित्र लिहिणारा हा माणूस उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता.

दुसरं पुस्तक हिंदीत, कारण हैदराबाद राज्यात आता हिंदीला चांगले दिवस येणार असं सगळे म्हणत होते. अर्पणपत्रिका त्या राज्याच्या सरकारला. छप्पन सालच्या दसऱ्याला शेवटचं पान झालं. दिवाळीच्या आत हैदराबाद राज्यच नकाशावरून पुसलं गेलं आणि आम्ही मुंबईच्या द्विभाषिक राज्यात येऊन पडलो. सरांनी सुस्कारा सोडला आणि मराठीत लिहायला घेतलं. त्यात द्विभाषिक राज्याचे मनापासून आभार मानले होते. हे तिसरं पुस्तक साठ सालच्या चैत्रात संपलं. एक मे उजाडला आणि द्विभाषिकही गेलं. पुस्तकांना मान्यता देणारी मुंबईची समिती बरखास्त झाली, आणि तिच्याबरोबर सरांची फाइल कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही.

प्रत्येक वेळी शपथेचं प्रकरण थोडं थोडं मऊ होत गेलं. उर्दूत वोक्लेर शपथ घ्यायला 'असमर्थ' होता. हिंदीत त्याची प्रकृती बरी नव्हती. मराठीत तर त्याने सम्राटाविषयी पूर्ण आदर बाळगून खेद व्यक्त केला होता. आणखी दोन राज्यं बदलली असती तर सरांनी त्याला सम्राटाच्या पंगतीला नेऊन बसवलं असतं.

हा योगायोग पहिल्यांदा लक्षात आला हबीबच्या. तोवर दोघेही आमच्या कॉलेजात लागले होते, हबीब उर्दू शिकवायला. शहागंजच्या हॉटेलात चहा पिताना तो मोठ्याने म्हणाला, "बद्री, तेरा क़लम है या तोप? किताब पूरी हुई की हुकूमत गई!" हॉटेलातले सगळे हसले. पण आमच्याकडे हॉटेलात हसलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गुलमंडीच्या चौकात खरी ठरते. पद नसलेला प्रत्येकजण सरांना गाठून विचारू लागला, "सर, पुस्तक कधी संपवताय?" आणि ज्याच्याकडे काही ना काही पद होतं तो सरांना प्रकृतीची काळजी घ्यायला सांगू लागला.

यात सगळ्यांत शहाणे निघाले तात्यासाहेब. तात्यासाहेब म्हणजे आमची शिक्षणसंस्था ज्यांनी पुढे पंधरा वर्षं खिशात घातली ते. तेव्हा ते साधे सभासद होते. सर चौथ्यांदा, इंग्रजीत, पीएच.डी.साठी लिहीत होते. तात्यासाहेब रोज त्यांच्या घरी यायचे. टाइप करायला माणूस दिला, बसायला खुर्ची दिली, मनकर्णाबाईंना लुगडं दिलं. सदुसष्ट साली प्रबंध पूर्ण झाला आणि पुढच्याच निवडणुकीत संस्थेचे जुने अध्यक्ष पडले. तात्यासाहेब अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी सरांकडे इमरतीची टोपली आली आणि तात्यासाहेबांच्या मनात कायमची धडकी भरली. तोफ कुठे आहे हे आता त्यांना माहीत होतं, आणि ते स्वतःच तिच्या तोंडासमोर येऊन बसले होते.

प्रबंध मात्र परत आला. पुण्याच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला होता: आपण मूळ फ्रेंच ग्रंथ पाहिला आहे काय? सरांनी फ्रेंच माणूसही पाहिला नव्हता. दुसरा कुणी असता तर परीक्षकांना शिव्या देत बसला असता. सर छावणीतल्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे फ्रेंच शिकायला जाऊ लागले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस पोरांसारखा पाठांतर करत सायकलवरून यायचा. मुंबईच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून त्यांनी खंड मिळवले, एकेक करून.

आणि एके दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन धपकन बसले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं की मौलवीसाहेबांच्या तर्जुम्यात शपथेची हकीकत तीन पानं चालते. सम्राटाची थोरवी, वोक्लेरचं आजारपण, दरबाराची माफी, सगळं आहे. मुळात, शेवटच्या खंडाच्या प्रस्तावनेत, वोक्लेरची फक्त तीन वाक्यं आहेत: कागद माझ्यापुढे ठेवला. मी सही केली नाही. थंडी होती, घरी गेलो.

"बिचारे मौलवीसाहेबही कुणाच्या तरी राज्यातच राहत होते ना," सर म्हणाले. "इतकी वर्षं मी त्यांच्या भीतीचं भाषांतर करत बसलो, मराठीवाले. आणि त्यात माझी घातली ती वेगळीच."

त्या दिवसापासून त्यांनी पाचव्यांदा लिहायला घेतलं. मराठीत, मुळावरून, आणि अर्पणपत्रिका कुणालाच नाही. असा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. पोट सुटलेला, धोतराचा सोगा सायकलच्या साखळीत अडकवून घेणारा हा माणूस एकदम ताठ चालू लागला. सगळं लिहून झालं, राहिलं होतं ते शपथेचं प्रकरण. ते त्यांना शेवटी, सावकाश, एकही शब्द मऊ न करता लिहायचं होतं.

तात्यासाहेबांची झोप उडाली. त्यांनी सरांना विभागप्रमुख केलं, स्नेहसंमेलनाचं प्रमुख केलं, वृक्षारोपणाचं, वसतिगृहाच्या मेसचं आणि पोहण्याच्या नियोजित तलावाचंही प्रमुख केलं. हेतू एवढाच, की लिहायला वेळ मिळू नये. वर्षातून दोनदा शाल आणि नारळ. शाली इतक्या झाल्या की मनकर्णाबाईंनी त्यांच्या गोधड्या शिवल्या. तिकडून कन्नड तालुक्याचे नानासाहेब, ज्यांना तात्यासाहेबांची खुर्ची हवी होती, कोऱ्या कागदाचे गठ्ठे पाठवायचे आणि निरोप द्यायचे, "सर, लिव्हा. काय कमी पडलं तर सांगा." फ्रेंच इतिहासाला इतका राजाश्रय पॅरिसमध्ये तरी मिळाला असेल का, मला शंका आहे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तात्यासाहेबांचा भाचा एम.ए. झाला आणि त्याला कॉलेजात चिकटवायचं होतं. जागा नव्हती. तात्यासाहेबांनी विचार केला, उर्दूला पोरं कितीशी आहेत? हबीबला काढला की जागा होते. पण काढायला कारण लागतं. म्हणून एक निवेदन तयार झालं: हबीबमियाँ तास घेत नाहीत, विद्यार्थ्यांचं नुकसान होत आहे, आम्ही सर्व सहकारी व्यथित आहोत. हबीबने घशाला सूज असतानाही तास चुकवला नव्हता, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. माझ्या माहितीत व्यथित असं कुणी नव्हतं.

सहीसाठी सरांना आणि मला अध्यक्षांच्या खोलीत बोलावलं. तात्यासाहेबांनी कागद सरांपुढे सरकवला. "सर, तुमी समद्यांत ज्येष्ठ. पहिली सही तुमची. मंग बाकीचे मुकाट करतेत."

सरांनी सवयीने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि मग कागद वाचला. हा माणूस नाही म्हणणारच नाही हे मला ठाऊक होतं. हबीबच्या घरात खाणारी सात तोंडं होती, नोकरी गेली असती तर त्यांना रस्त्यावर यावं लागलं असतं.

सरांनी कागद खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तात्यासाहेब, संस्थेची निवडणूक कधी आहे?"

"फुडल्या महिन्यात. का बरं?"

"काही नाही. माझं एकच प्रकरण राहिलंय. रविवारपर्यंत उरकतं असं दिसतंय."

तात्यासाहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. "येवढी घाई कशापायी, सर? जिवाला जपा की."

"जीव ठणठणीत आहे. नानासाहेबांनी कागदही पाठवलाय, चांगला जाड."

तात्यासाहेब घाम पुसू लागले. ज्या माणसाने तीन राज्यं नाहीतर निदान एक अध्यक्ष तरी पाडला होता, तो समोर पेन उघडून बसला होता.

"हबीबमियाँ मानूस वाईट नाय तसा," तात्यासाहेब हळूच म्हणाले.

"तास कधी चुकवत नाही," सर म्हणाले.

"मंग ह्यो कागद केला कुनी?" तात्यासाहेब एकदम ओरडले, आणि ज्या कारकुनाला त्यांनीच सकाळी मजकूर सांगितला होता त्याच्यावर जाळ काढला. निवेदन फाडलं गेलं. मग दार लोटून घेऊन ते सरांच्या कानाशी वाकले. "हबीबमियाँ रिटायर व्हईस्तोवर ऱ्हातील. आपला शब्द. अन् ते तुमचं प्रकरण?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "तेही तोवर राहील," ते म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि पाठोपाठ राग आला. तीस वर्षांनी हातात आलेलं पुस्तक, आणि ते असल्या माणसाच्या भीतीपायी बांधून ठेवायचं! मी म्हटलं, "सर, तुम्ही साफ नाही म्हणायला हवं होतं. वोक्लेरसारखं."

"वोक्लेरची नोकरी त्याची स्वतःची होती," सर म्हणाले. "ही हबीबची आहे. मला नाही म्हणता येत नाही, मराठीवाले. भाव मात्र करता येतो. आणि हे कुणाला बोलू नका. हबीबला कळलं तर तो उद्याच राजीनामा तोंडावर फेकील."

मी बोललो नाही. सरांनी शब्द पाळला आणि तात्यासाहेबांनीही, कारण भीती ही आमच्या संस्थेतली एकमेव टिकाऊ गोष्ट होती. पुढली सात वर्षं सर मागची प्रकरणं घासूनपुसून ठेवत राहिले. शेवटच्याला हात लावला नाही. लोक आधी विचारायचे, मग हसू लागले, मग विसरले. फ्रेंचवाला आळशी मास्तर, एवढंच नाव उरलं. नानासाहेबांनी कागद पाठवणं बंद केलं. सगळ्यांत जास्त बोलायचा तो हबीबच. भेटला की सुरू. "बद्री, शरम कर. एक बाब!" बाब म्हणजे प्रकरण. सर नुसते हसायचे.

एक्याऐंशी साली हबीब निवृत्त झाला. निरोपसमारंभाला कॉलेजचा हॉल भरला होता. व्यासपीठावर मध्ये तात्यासाहेब, एका बाजूला हबीब, दुसऱ्या बाजूला सर. समोर तिसऱ्या रांगेत हबीबची मुलगी अमिना बसली होती. उर्दूत एम.ए. होऊन दोन वर्षं घरीच होती, नोकरी मिळत नव्हती.

हबीब बोलायला उभा राहिला. विद्यार्थ्यांची आठवण काढली, संस्थेचे आभार मानले आणि मग सरांकडे वळला. "ये मेरा जिगरी दोस्त बद्रीनाथ. इसका फिरंगी अकरा जिल्दां लिखा, इससे एक बाब नै होता. मियाँ, इतका आळस बरा नाही. आता मी मोकळा आहे. रोज तेरे घर आके बैठताऊं, देखता कैसा नै लिखता!"

हॉल खदखदून हसला. सरही हसले, आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "आता लिहितो हबीब. आता मीही मोकळा झालो." आवाजात असा आनंद होता की माझे डोळे भरून आले. लोकांना तो नेहमीचाच वायदा वाटला. ते आणखी हसले.

हसले नाहीत ते तात्यासाहेब. त्यांनी सरांकडे पाहिलं, हबीबकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या रांगांवरून त्यांची नजर फिरू लागली. तिसऱ्या रांगेवर ती थांबली. ते उठले आणि माइक हातात घेतला.

"हबीबमियाँची सेवा ही संस्था इसरनार नाय," ते म्हणाले. "त्यांची लेक अमिना हिला मी जूनपासून याच कॉलेजात त्यांच्या जागी घेत आहे. तिची आख्खी नोकरी हितंच व्हईल, हा माझा शब्द!" हे म्हणताना ते हबीबकडे नव्हे, सरांकडे बघत होते.

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. अमिना तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. हबीब धावत गेला आणि त्याने तात्यासाहेबांना मिठी मारली. मग डोळे पुसत तो सरांकडे आला.

"देखा बद्री? बडा आदमी ऐसा रहता. मागायच्या आधी देतो," तो म्हणाला. "और तू? तीस बरस में मेरेकू एक बाब नै दे सका."

सर उठले, हबीबच्या गळ्यात हार घातला आणि अमिनाचं अभिनंदन करायला व्यासपीठाच्या पायऱ्या उतरू लागले.